आवळ्याच्या बाटल्या

माझी बायको म्हणायची, "तुमच्या पोटात काही म्हणून राहत नाही." बिचारी. ती गेली, पण हे तिला कळलं नाही. तिला नाही, मुलाला नाही, ज्यांच्यासोबत सगळी नोकरी काढली त्यांनाही नाही. आज तुम्हाला सांगतो आहे — का, ते विचारू नका. तुम्ही मला ओळखत नाही, हेच कारण असेल कदाचित.

तसं पाहिलं तर गोष्ट चिलटांची आहे. केळं सडलं की त्यावर बारीक माश्या घोंगावतात ना, त्यांची. हसा खुशाल. चिलटं मेली म्हणून कुणी उभा जन्म झुरतं का? मीही स्वतःला हेच विचारत आलो. आणि दर वेळी चिलटांचंच नाव घेतो, कारण त्यांचं नाव घेतलं की बाकीचं झाकलं जातं.

हल्ली सूनबाई सकाळी आवळ्याचा रस पुढ्यात आणून ठेवते. बाबा, यात अँटिऑक्सिडंट असतात, म्हणते, म्हातारपण लांबतं. मी मुकाट्यानं पितो. हा शब्द आमच्याकडे कुणी ऐकलाही नव्हता तेव्हा त्याचा अर्थ मला एका मुलीनं सांगितला होता — जवसाच्या तेलाच्या डब्यावरून. तिचं नाव सुमित्रा.

गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं आणि जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती नागपूर. धानाच्या गिरण्या, बिडीचे कारखाने, बाजारात हिंदी, घरी मराठी. कॉलेज नवंच होतं. मी तिथे जीवशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर. म्हणजे काय, तर बेडूक चिरून दाखवायचे, सूक्ष्मदर्शकाच्या काचा पुसायच्या, आणि प्राध्यापक रजेवर गेले की त्यांचा तास घ्यायचा. एम.एस्सी. करायची फार इच्छा होती. नागपूरला एक प्राध्यापक होते, त्यांच्या हाताखाली एक जागा असायची. मी दोनदा त्यांच्याकडे जाऊन आलो होतो. दोन्ही वेळा त्यांनी चहा पाजला आणि विचारलं, तुमचा स्वतःचा प्रश्न काय आहे? माझ्याकडे प्रश्नच नव्हता. मला एम.एस्सी. व्हायचं होतं, एवढंच.

सुमित्राकडे मात्र प्रश्न होता. ती सालेकशाकडच्या एका गावातली, पोवारांच्या घरातली. बाप चांगला धानवाला शेतकरी. गोंदियाला मामाकडे राहून शिकली, नागपुरातून बी.एस्सी. झाली आणि परत आली. प्रिन्सिपॉलसाहेबांनी तिला आमच्या प्रयोगशाळेत काम करू दिलं. माझ्याहून लहान, मला सर म्हणायची, आणि मनात आलेलं तोंडावर बोलायची. तो त्या भागातला स्वभावच आहे. पुण्याकडची माणसं चार वळणं घेऊन जे सांगतात ते झाडीपट्टीतला माणूस एका झटक्यात सांगून मोकळा होतो.

तिची आई जवसाच्या तेलाच्या डब्यात आवळकाठी टाकून ठेवायची. आवळकाठी म्हणजे वाळवलेला आवळा. जवसाचं तेल लवकर खवट होतं, पण त्यात आवळकाठी असली की टिकतं, असा त्या घरातल्या बायकांचा अनुभव. लहानपणापासून तिनं हे पाहिलेलं. एक दिवस बाटल्या धुता धुता ती मला म्हणाली, "सर, हवा लागून तेल खवट होते. आपणबी तं जनमभर हवाच खाऊन राहिलो जी. मंग आवळा तेलाले वाचवते, तं जिवाले काऊन नाही वाचवणार?"

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, वैद्यकीच्या गप्पा प्रयोगशाळेत नकोत.

पण ती ऐकणारी नव्हती. माणसावर प्रयोग करायला माणसाचं आयुष्य पुरत नाही, म्हणून तिनं चिलटं घेतली. त्यांचा जन्म, जवानी, म्हातारपण सगळं एका पावसाळ्यात आटोपतं. तांदळाच्या पिठाची घट्ट पेज, त्यात गूळ, कुस्करलेलं केळं आणि भिजवलेल्या मोहफुलांचं थोडं पाणी — हे चिलटांचं जेवण. ते दुधाच्या बाटल्यांच्या तळाशी ओतायचं, चिलटं सोडायची आणि तोंडाला मलमलचं फडकं बांधायचं. अर्ध्या बाटल्यांत साधं जेवण, अर्ध्यांत आवळकाठीचा काढा घातलेलं. साध्या बाटल्या एका ट्रेमध्ये, आवळ्याच्या दुसऱ्यात. साध्या बाटल्यांची देखभाल माझ्याकडे होती, कारण त्याच मी वर्गातही दाखवायचो.

चिलटांचा एक गुण आहे. बाटली आपटली की सगळी खाली पडतात आणि पडली की लगेच भिंतीवरून वर चढायला लागतात. शिकवावं लागत नाही. वर जायचं, एवढंच त्यांना कळतं. तरणी चिलटं सरसर चढतात, म्हातारी अर्ध्यात थांबतात, घसरतात, मग तळाशीच फिरत राहतात. सुमित्रा रोज घडी केलेल्या पोत्यावर बाटली आपटायची आणि डोळे लावून बसायची. आषाढ अर्धा गेला तेव्हा माझ्या साध्या बाटल्यांतली चिलटं तळाशी रेंगाळू लागली होती. तिच्या बाटल्यांतली? ती अजून थेट फडक्यापर्यंत जात होती. मी पाहिलं आहे. माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे — हे विसरू नका, पुढे लागेल.

त्याच सुमारास नागपूरचे ते प्राध्यापक काही कामानं गोंदियाला आले होते. तिनं बाटल्या दाखवल्या. गृहस्थ खुर्ची ओढून बसलेच. किती तरी वेळ तिला विचारत राहिले, आणि तीही त्यांच्याशी बरोबरीनं बोलत होती. शेवटी म्हणाले, पोळ्यानंतर परत येतो, तोवर हे असंच टिकलं तर तू माझ्याकडे ये. निघताना त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही हिला बाटल्या तेवढ्या नीट धुऊन देत जा."

वाईट हेतूनं बोलले नव्हते ते. पण मला ते लागलं. असं लागलं की जेवण गोड लागेना. बाटल्या धुऊन देत जा! मी तिचा सर, पँटला इस्त्री करून कॉलेजात जाणारा माणूस — आणि मी हिच्या बाटल्या धुवायच्या? आज वाटतं, बरोबरच सांगत होते. तेवढंच मला नीट येत होतं.

तिच्या बापाची अटही सगळ्यांना ठाऊक होती, कारण तिनंच ती हसत हसत सांगितली होती. प्रोफेसर हो म्हणाले तर नागपूरला धाडतो, नाहीतर दिवाळीनंतर बालाघाटकडचं स्थळ आहे, तिथे उजवून टाकतो. म्हणजे त्या ट्रेमध्ये काय होतं, हे मला पुरतं माहीत होतं. माहीत नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

मग रोवणी, म्हणजे भाताची लावणी, आली. धानाची रोवणी म्हटली की घरातलं कुणी बाहेर राहत नाही, शिकलेलं असो की नसो, चिखलात उतरावंच लागतं. सुमित्राला निरोप आला. जाण्याआधी ती खोलीची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाली, "सर, मलेरियावाले मोहल्ल्यात फिरून राहिले. त्यायले या खोलीत येऊ देऊ नका जी. माही सारी चिलटं मरतीन."

मी म्हणालो, काळजी करू नको.

मलेरियावाले म्हणजे डीडीटी फवारणारी सरकारी माणसं. तेव्हा नुकतीच ती मोहीम निघाली होती. आमच्याकडे तापानं घरंच्या घरं अंथरुणाला खिळायची, त्यामुळे लोक त्यांना देवासारखे मानायचे. खांद्यावर पंप, हातात नळी. भिंतींवर पांढरट पाणी मारायचं आणि झालं की दारावर खडूनं तारीख लिहून जायचं. अडचण एकच — भिंतीवर ओघळ दिसायचे. आमच्याकडच्या बायकांना ते खपायचं नाही. मलेरियावाल्यांची पाठ फिरली की लगेच छुईनं, म्हणजे पांढऱ्या मातीनं, भिंत पुन्हा लख्ख सारवून टाकायच्या. औषधही सारवणाखाली जायचं आणि डास परत मोकळे. सरकार कपाळाला हात लावायचं.

ते आले ती दुपारची वेळ होती. पाऊस थांबलेला. आमची खोली कॉलेजच्या मागच्या बाजूला, मातीच्या भिंतींची, वर कवेलू, म्हणजे कौलं. त्यांच्यातल्या पुढच्यानं विचारलं, "मास्टरजी, यह कमरा भी करना है?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. त्यानं हुज्जत घातली नसती, त्याला काय पडलं होतं? पण मी म्हणालो, थांबा, सामान काढतो. आत गेलो. साध्या बाटल्यांचा ट्रे उचलला, व्हरांड्यातून वर्गात नेऊन ठेवला आणि परत आलो. माझे हात रिकामे होते. आवळ्याचा ट्रे समोर फळीवर होता. अजून एक खेप — एवढंच काम होतं. फार तर व्हरांडाभर चालायचं.

मी दारात उभा राहिलो. त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हो गया. मारो."

आता तुम्ही विचाराल, मनात काय होतं? खरं सांगू? राग नव्हता. राग असता तर निदान काही तरी होतं म्हणता आलं असतं. मनात होतं ते इतकंच — होऊन जाऊ दे. जणू मी करत नव्हतोच, आपोआप होत होतं. वाईट काम करताना असंच वाटतं का सगळ्यांना? मला माहीत नाही. मी एवढं एकच मोठं वाईट काम केलं आहे आणि ते उभ्या उभ्या, हात न हलवता केलं आहे.

ते गेल्यावर मी खोलीत गेलो. मलमलची फडकी ओली झाली होती. आणि मग मी जे पाहिलं ते मला आजही दिसतं. चिलटं सवयीप्रमाणे वर चढत होती. बाटलीच्या भिंतीवरून सरळ फडक्यापर्यंत जायची, त्याला चिकटून बसायची — आणि थोड्या वेळानं पाय थरथरत तळाशी पडायची. ज्यांच्या अंगात सगळ्यात जास्त जोर होता ती आधी पडली. जी अर्ध्यापर्यंतच जात होती ती त्यांच्यानंतर. जी तळ सोडत नव्हती ती तेवढी वाचली. म्हणजे काय झालं, लक्षात येतं का? तिचा आवळा खरा ठरत असेल तर तोच त्यांना मरणाकडे घेऊन जात होता. मी विज्ञानाचा माणूस, मला ते तिथेच कळलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाच्या मदतीशिवाय काही तरी कळलं होतं, आणि ते हे होतं.

पुढचं मी विचार करून केलं. आपोआप-बिपोआप काही नाही. दारावरची खडूची तारीख ओल्या फडक्यानं पुसली. शिपायाच्या बायकोला बोलावून म्हणालो, नागपूरचे साहेब येणार आहेत, खोली छुईनं सारवून घे. तिनं आनंदानं सारवली. घरोघरी तेच चाललं होतं, तिला त्यात काय वेगळं वाटणार? ओघळ गेले, वास गेला. मेलेली चिलटं तशीच राहू दिली. साध्या बाटल्या परत आणून शेजारी मांडल्या. त्यांतली म्हातारी चिलटं सावकाश का होईना, फिरत होती.

सुमित्रा परत आली तेव्हा तिच्या नखांत अजून धानाच्या बांधीतला चिखल होता. मामाकडे न जाता ती आधी इकडेच आली. बाटली उचलून खिडकीशी नेली, पोत्यावर हलकेच आपटली, थांबली. पुन्हा आपटली. एकेक करून सगळ्या बाटल्या झाल्या. मी टेबलाशी बसून बेडकाच्या हाडांना चिठ्ठ्या चिकटवत होतो. मान वर केली नाही.

"चढतच नाहीत जी," ती म्हणाली. मग हातातली बाटली फळीवर ठेवून, "मलेरियावाले आले होते का सर?"

आले होते, मी म्हणालो. दारातूनच परत पाठवले.

तिनं भिंतीकडे पाहिलं. ताज्या सारवणाकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. पण तिनं संशय घेतला नाही. का घ्यावा? मी तिचा सर होतो. ती म्हणाली, "बरं केलं तुमी." आणि मग फळीला टेकून उभी राहून रडायला लागली, आवाज न करता. मी उठून तिला पाणी दिलं. हो — पाणी दिलं. आणि वर म्हणालो, विज्ञानात असं व्हायचंच, आपल्याला वाटतं तसं निसर्गाला वाटत नाही.

पोळा झाला, प्राध्यापक आले. मला एक वेडी आशा होती की ती काही तरी सबब सांगेल, निदान पुन्हा एक संधी मागेल. ती असली नव्हती. सरळ सांगितलं, आवळ्याची चिलटं आधी मेली, साधी जगली, माझा अंदाज चुकला. प्राध्यापकांना फार वाईट वाटलं. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, तुमच्या देखरेखीखाली होतं ना सगळं? काही गडबड तर झाली नाही? तेव्हाही दार उघडं होतं बघा. मी म्हणालो, नाही सर, सगळं व्यवस्थित होतं. ते म्हणाले, मग ठीक आहे, आणि चहा न घेता गाडीला निघून गेले.

दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. मला पत्रिका होती. गेलो, अक्षता टाकल्या, पंगतीत बसून जेवलो.

आणि मला मिळालं काय? ती जागा नागपूरच्याच कुणा मुलाला गेली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं राहिलं — तेही मी जन्मभर जपलं, डेमॉन्स्ट्रेटरचा लेक्चरर होऊन पेन्शनीत निघालो. बाटल्या होत्या, आवळे होते, चिलटांना तर कमीच नव्हतं. तिचा प्रयोग मला कधीही करून पाहता आला असता. केला नाही. ती चूक होती असं निघालं असतं तर बरंच वाटलं असतं. पण बरोबर निघाली असती तर? त्या भीतीनं मी वर्गात चिलटं दाखवणंसुद्धा सोडलं. मुलांना सांगायचो, फार घाण होते.

इथे थांबलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, तरुणपणीची कुरापत होती, जाऊ द्या. पण मी थांबलो नाही.

महाराष्ट्र नुकताच झाला होता, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मुलांना घेऊन सालेकशाच्या जंगलात किडे गोळा करायला गेलो होतो. परतीच्या गाडीला वेळ होता. मुलं पाण्यासाठी पांगली आणि मी फलाटावरच्या झाडाखाली बसलो. एक बाई जवळ आली, वाकून पाया पडली. मी ओळखलंच नाही. "सर, मी सुमित्रा जी," ती म्हणाली. अंगानं भरली होती, कपाळावर मोठं कुंकू. माहेरी आली होती, आता सासरी निघाली होती. सोबत मुलगी, अजून शाळेत न जाणारी.

ती मोकळेपणानं बोलत होती. घर मोठं आहे, माणसं चांगली आहेत, कशाची ददात नाही. मी हं हं करत होतो. पोरगी खाली उकिडवी बसून मुंग्या पाहत होती. मोहाचं एक फूल त्यांनी ओढत आणलं होतं आणि ते फलाटाच्या कठड्यावरून सारखं खाली पडत होतं. पोरगी म्हणाली, "माय, पडते तरी हे मुंग्या पुन्हा वरच कायले चढून राहिल्या?"

सुमित्रा तिला म्हणाली, "सोड ते. आपल्याले नाही जमत तसलं." मग माझ्याकडे पाहून हसली. "माह्यावरच गेली हे. घडीघडी कायले न् काऊन. मी सांगतो इले, आपल्यात नाही ते डोकं. तवा तुमी प्रोफेसरायले खरं सांगितलं म्हणून बरं झालं सर, नाहीतं नागपूरले जाऊन मी तोंडावर पडली असती."

दुरून गाडीची शिटी ऐकू आली. तिनं गाठोडं उचललं, पोरीचा दंड धरून तिला उभं केलं आणि जाता जाता सहज विचारावं तसं मला विचारलं, "नाही ना जी सर? आपल्यात नाही ना ते डोकं?"

पोरगी मान वर करून माझ्याकडे पाहत होती.

मी म्हणालो, "नाही."